मी आपलं सहज म्हटलं

शिवी परवडते. ती शिवी आहे हे देणाऱ्याला, खाणाऱ्याला आणि बाजूला उभं राहून ऐकणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तिची सोयही केली आहे. समोरचा भडकेल आणि शांततेचा भंग करील हे माहीत असूनही कुणी मुद्दाम अपमान केला, तर कलम ३५२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण लग्नाच्या हॉलमध्ये, जेवणाच्या रांगेत, सगळ्यांदेखत मावशी तुमचा दंड चिमटीत धरून "अगं बाई, केवढी सुटलीस!" म्हणते, तेव्हा कुठल्या ठाण्यात जायचं? हवालदार विचारणार, "काय म्हणाल्या त्या?" तुम्ही सांगणार, "सुटलीस म्हणाल्या." तो वहीतून मान वर करून तुमच्याकडे एकदा नीट बघणार, आणि साक्षीदाराची गरज नाही हे त्याच्या तोंडावर दिसणार. मावशीचा जबाब तर तयारच असतो: "मी आपलं सहज म्हटलं."

मराठी माणसाला खोल लागणारी बहुतेक वाक्यं अशी सहज म्हटलेली असतात. ती कधी काळजी म्हणून येतात, कधी कौतुक म्हणून, कधी नुसती चौकशी म्हणून. शिवी देणारा निदान स्वतःच्या जबाबदारीवर देतो. सहज म्हणणारा घाव घालून पुन्हा आपल्या चांगुलपणात जाऊन बसतो, आणि ज्याला लागलं तोच जमलेल्यांना तिरसट वाटू लागतो. वाक्याचा राग येतोच. पण रागावायची सोयच ठेवली नाही, याचा जास्त येतो.

वजनाचंच घ्या. भेटल्यावर पहिलं वाक्य समोरच्याच्या वजनावर बोलायचं, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. वाढलं असेल तर "सुखात दिसतोस". कमी झालं असेल तर "शुगर तपासलीस का?" एखादा बिचारा भात सोडतो, साखर सोडतो, पहाटे उठून पर्वतीच्या पायऱ्या चढतो आणि चार किलो उतरवतो. भेटेल तो आवाज खाली आणून त्याला विचारतो, "घरी सगळं ठीक आहे ना?"

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ ट्रोब्रियांड बेटांवर राहून आला आणि १९२३ साली त्याने लिहिलं, की माणसं पुष्कळदा काही सांगण्यासाठी बोलतच नाहीत. शेजारी उभा असलेला माणूस गप्प राहिला की भीती वाटते, म्हणून ती शांतता मोडण्यापुरतं बोलतात. एवढं कळायला त्याला पॅसिफिक महासागरात जायची गरज नव्हती. सांगलीकडची एखादी मुंज पुरली असती. फरक इतकाच, की इंग्रज माणूस ही शांतता पावसावर बोलून मोडतो. आपल्याकडे पाऊस चारच महिने असतो. उरलेल्या आठ महिन्यांची सोय नातेवाइकांच्या अंगावर करावी लागते.

त्याच मुंजीत एक वयस्क गृहस्थ आपलं मनगट घट्ट धरतात आणि विचारतात, "ओळखलंस का मला?" हो म्हटलं तर "सांग पाहू कोण?" नाही म्हटलं तर "कशाला ओळखशील, मोठी माणसं तुम्ही!" तिसरं उत्तर या प्रश्नाला नाही. "चेहरा ओळखीचा वाटतोय" असं पुटपुटलं, की ते मनगट न सोडता सांगू लागतात, "अरे, एवढासा होतास तेव्हा माझ्या मांडीवर..." आणि त्या मांडीवर आपण काय केलं होतं, ते आपल्या सासूसासऱ्यांसमोर धोतराच्या तपशिलासह जाहीर होतं.

चौकशीची वाक्यं माणसाच्या वयाबरोबर बदलतात, थांबत नाहीत. दहावीचा निकाल लागला की "किती पडले?" ब्याण्णव म्हटलं की "बाकीचे आठ कुठे गेले?" राज्यात २०१० साली 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, टक्के वर गेले, प्रश्न जागचा हलला नाही. २०२५ च्या दहावीत २११ मुलांना शंभरपैकी शंभर टक्के मिळाले. निदान त्या २११ घरांत तरी काकांची बोलती बंद झाली असेल, असं समजणाऱ्याला काका म्हणजे काय हे माहीत नाही. ते म्हणाले असणार, "हल्ली काय, कुणालाही पडतात." मग पुढे कॉलेज कोणतं, पॅकेज किती, अजून भाड्याच्याच घरात का, आणि लाडू कधी.

लाडवांच्या बैठकीत या कलेचा कळस बघायला मिळतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे, त्यामुळे हुंडा आता कुणी मागत नाही. वरपिता सोफ्यावर मागे रेलून सांगतो, "आमचं काहीही मागणं नाही. मुलगी आणि नारळ द्या." जरा थांबून, "बाकी तुम्ही जे काही कराल ते तुमच्याच मुलीच्या अंगावर." आणखी जरा थांबून, "लग्न तेवढं तोलामोलाचं व्हावं. आमचा गोतावळा मोठा आहे, लोक विचारतात." मागणं असतं तर मुलीच्या बापाला नाही म्हणता आलं असतं, अगदीच वेळ आली असती तर तक्रार करता आली असती. मागणं नाही, याला तो नाही कसं म्हणणार? रात्री तो कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर नारळाचा हिशोब मांडतो, आणि पहाटेपर्यंत नारळ आठ लाखांवर गेलेला असतो.

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच "गोड बातमी कधी?" सुरू होतं. विचारणाऱ्या बाईचा चेहरा इतका प्रेमळ असतो, की समोरची नुकतीच तिसऱ्या डॉक्टरांकडून रिपोर्ट घेऊन आली आहे, हे तिला सांगायचीही चोरी. सांगितलंच, तर एका देवस्थानाचा पत्ता मिळतो, कोणत्या वारी जायचं त्यासकट. मूल झालं तर "एकच? त्याला सोबत नको का?" दोन झाली तर "दोन्ही मुलीच का?" आणि मग, आईबापांनी कसलंही दुःख व्यक्त केलेलं नसताना, "असू दे." पाहुण्याच्या हातून कपबशी फुटल्यावर म्हणतात ना, अगदी त्या सुरात.

कौतुकात सहज खुपसलेली सुरी काढायला आणखी अवघड. "त्या मानाने" हे तिचं पातं. गावाकडची असून त्या मानाने इंग्रजी बरं बोलते. दोन मुलं झाल्यावर त्या मानाने ठेवलीये हो तब्येत. सुनेने केलेल्या पुरणपोळीला "विकतची का? छान आहे," आणि विकतची असली तर "घरी केलीस वाटतं, म्हणूनच जरा जाड झालीये." साहित्य संघात एकाच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला, त्याच्या शाळेतल्या बाई व्यासपीठावर येऊन डोळे पुसत म्हणाल्या, "हा काही करील असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं." टाळ्या पडल्या. सर्वांत आधी लेखकालाच वाजवाव्या लागल्या.

घरातल्या घरात "दिवसभर घरीच असतेस ना?" या वाक्याला तोड नाही. हेही चौकशीच्याच सुरात येतं, बहुधा कुरिअर घ्यायला कोण आहे हे ठरवताना. सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. ही ९७ मिनिटंही सगळ्या पुरुषांची नाहीत. पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष होतेच मुळी शंभरात सव्वीस. उरलेले चौऱ्याहत्तर काय करत होते? ते ओट्याजवळ येऊन, भांडी घासून झालेली बघून, मनापासून हळहळत म्हणत होते, "सांगायचं ना, मी केलं असतं." या वाक्यावर भांडता येत नाही. माणूस मदतीला तयार होता. सांगण्याचं काम तेवढं तुम्ही केलं नाहीत, म्हणजे चूकही तुमच्याच २९९ मिनिटांत धरायची.

आदर हाही आपल्याकडे दुखवायच्या कामी येतो. कोल्हापुरात मित्र मित्राला ज्या शब्दांनी हाक मारतो ते इथे छापता येणार नाहीत, आणि त्या शब्दांनी कुणी दुखावत नाही. तोच मित्र "अहो, आपण कशाला तसदी घेतलीत" म्हणाला, की उसने घेतलेले पैसे त्याच दिवशी परत करावेत. आई "ऊठ रे" म्हणाली तर अजून अर्धा तास झोपायला हरकत नाही. "उठा महाराज" म्हणाली, की पाण्याने भरलेला तांब्या तिच्या हातात आहे. नवव्या शतकात रुद्रट नावाच्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगितले. एकीत शब्दाचा श्लेष असतो. दुसरीत शब्द जागच्या जागी राहतात, नुसत्या आवाजाच्या हेलकाव्याने अर्थ फिरतो, ती काकुवक्रोक्ती. वाड्यातल्या कुणा काकूंना भेटून रुद्रटाने हे नाव दिलं असण्याची शक्यता नाही, पण संशय यावा इतकं ते जमलं आहे. आपण अर्धा तास उशिरा पोचतो, दारात काकू उभ्या, आणि म्हणतात, "अय्या, आलात पण!" हे शब्द कोर्टात ठेवले तर स्वागत ठरतं.

ऑफिसातही हेच. संध्याकाळी सहाला, म्हणजे ठरलेल्या वेळेला, बॅग खांद्याला लावली की शेजारच्या टेबलवरून "हाफ डे का?" आपण सगळे एक फॅमिली आहोत, हे साहेबांना नेमकं पगारवाढीच्या महिन्यात आठवतं. सरकारी कचेरीत जेवणाची सुटी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान आणि जास्तीत जास्त अर्धा तास, असा शासनाचाच आदेश आहे, तरी बाराला "साहेब जागेवर नाहीत", अडीचला "जेवून आले की या", आणि चारला "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण "उद्या या" म्हणणारा कुठे नाही म्हणतो? नकार लेखी मागता येतो, त्यावर अपील करता येतं. उद्यावर अपील कुठे करणार?

याच्या उलट मुंबईची लोकल. तिथे सहज काही म्हटलं जात नाही. विरार गाडीत बोरिवलीचा माणूस दारात अडला, की "बोरिवलीला उतरायचं होतं तर विरार कशाला पकडली?" असं तोंडावर विचारतात. धक्का लागला म्हणून कुरकुरलात तर "एवढा त्रास होतो तर टॅक्सीने जा ना!" यात काळजी नाही, कौतुक नाही, चौकशीही नाही. म्हणूनच ते अंगाला चिकटत नाही. दादरला एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करणारे दोघे अंधेरीच्या पुढे एकाच सीटवर चौथा आणि तिसरा म्हणून बसलेले असतात, आणि चौथ्याचा डबा तिसऱ्याच्या मांडीवर असतो.

काही वाक्यांवर मात्र हसू येत नाही, ती चौकशीच्या सुरात येत असली तरी. "पूर्ण नाव काय तुमचं?" नाव सांगितलं. "नाही, आडनाव?" आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही निघेना. "मूळ गाव कोणतं मग?" त्यातूनही निघेना. "कुलदैवत?" इथे जेजुरीचा खंडोबा म्हणता आलं तर विचारणाऱ्याची पंचाईत होते, कारण धनगरापासून देशस्थ ब्राह्मणापर्यंत तो कितीतरी घरांत कुलदैवत आहे. जात विचारली का? मुळीच नाही. विचारणारा सुशिक्षित आहे, तो फक्त गाव आणि देव विचारतो. शेवटी त्याला हवं ते कळतं, आणि एक तर तो खुर्ची जवळ ओढतो, नाही तर म्हणतो, "अरे वा! वाटत नाही हो तुमच्याकडे बघून." हे त्याने कौतुक म्हणून म्हटलेलं असतं, आणि आभार मानले जातील अशी त्याची अपेक्षाही असते. मेडिकलला प्रवेश मिळालेल्या मुलीला पेढा खाता खाता विचारतात, "ओपनमधून, की..." आणि उरलेलं वाक्य पेढ्याबरोबर गिळतात. भाड्याचं घर बघायला गेलेल्याला काल फोनवर "या, रिकामंच आहे" सांगितलेलं असतं. आज आडनाव कळल्यावर मालकांचा पुतण्या राहायला येणार असतो. या एका पुतण्याने महाराष्ट्रातल्या किती रिकाम्या घरांत राहायला यायचं कबूल करून ठेवलंय, त्याची एकदा जनगणना व्हायला हवी.

आजाऱ्याला भेटायला येणारे तर धीर द्यायलाच आलेले असतात. हातात शहाळं, डोळ्यांत पाणी. पलंगाशेजारी स्टूल ओढून ते आधी म्हणतात, "हे आधीच दाखवायला हवं होतं." मग, "आमच्या मेव्हण्यांना अगदी हेच झालं होतं." पेशंट आशेने मान वळवतो. "मग?" पाहुणा शहाळ्याकडे बघतो. "मग काय. पण तेव्हा औषधं एवढी चांगली नव्हती." पुढे घरात कुणी गेलंच, तर "वय काय होतं? चौऱ्याऐंशी? मग झालं की." चौऱ्याऐंशी वर्षांच्या बापासाठी साठीतल्या मुलाने किती रडावं, याचा हिशोब तो दारात चपला काढता काढता करून आलेला असतो. "सुटले बिचारे," असं तो म्हणतो, तेव्हा त्यांना ज्यांच्यातून सुटावं लागलं ती सगळी माणसं समोर सतरंजीवर बसलेली असतात.

एवढं सगळं ऐकून माणूस एखाद दिवशी चिडतो, आणि तिथे त्याला दुसरा तडाखा बसतो. "एवढं काय लावून घ्यायचं?" "तुला गंमत कळत नाही." "बोलायचीच सोय राहिली नाही बाई हल्ली." पहिल्या वाक्यात लागलेलं असतं, दुसऱ्यात ते लागून घेतल्याबद्दल माफी मागायची पाळी येते. काही जण ही तजवीज आधीच करून ठेवतात. "राग मानू नकोस, पण" असं म्हणून मगच सुरुवात करतात. म्हणजे राग येणार हे माहीत होतं. कलम ३५२ च्या हे बरंच जवळ जातं, पण मावशीविरुद्ध वकीलपत्र घेणारा वकील मिळत नाही. त्यालाही एक मावशी असते.

यावर नम्रपणे हसणे हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या करून झाला. त्याने बोलणाऱ्याला हुरूप येतो. उलट चिडलं तर वर सांगितलेला दुसरा तडाखा. गुण येतो तो एकाच औषधाने: सहज विचारलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायचं. गोड बातमी विचारणारीला बसवून, पाणी देऊन, सगळ्या तपासण्यांची नावं आणि बिलांचे आकडे सांगायचे, आणि शेवटी "तुमची काय मदत होईल?" असं विचारायचं. पगार विचारणाऱ्याला स्लिप दाखवून त्याची मागायची. वजनावर बोलणाऱ्याला तिथल्या तिथे दोन्ही हातांनी उचलून बघायचं. सहज बोलणाऱ्याला उत्तर नकोच असतं. ते मिळालं की तो गाडी चुकेल म्हणून निघतो.

मोठ्यांना हे जमत नाही, कारण लहानपणी आपल्याला मोठ्यांना उलट न बोलण्याचं वळण लावलेलं आहे. हल्लीच्या मुलांना ते लागलेलं नाही, आणि माझी सगळी भिस्त त्यांच्यावर आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी दिवाळीच्या फराळाला सगळे जमले होते. घरच्या आजोबांनी सात वर्षांच्या नातवाला मांडीवर घेतलं आणि मराठी बालकांना पिढ्यान्‌पिढ्या छळणारा तो प्रश्न अगदी सहज विचारला, "काय रे, तुला आई जास्त आवडते की बाबा?" पोराने चकलीचा तुकडा संपवला, थोडा विचार केला आणि विचारलं, "आजोबा, तुम्हाला कोणती सून जास्त आवडते? माझी आई की काकू?"

आजोबांना ठसका लागला. "फार आगाऊ झालंय पोरगं," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं. दोन्ही सुना स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या, पण पाणी आणायला कुणीच हललं नाही. दोघींनाही आधी उत्तर ऐकायचं होतं.